न खोकणारा क्षय

क्षयरोग म्हटला की खोकला, थुंकी आणि खंगलेली छाती हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. कथा-कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी हे चित्र इतके पक्के करून ठेवले आहे, की याच रोगाचे जंतू पाठीच्या मणक्यात, खुब्यात किंवा गुडघ्यात दीर्घकाळ ठाण मांडून बसू शकतात आणि त्या अवधीत रोगी एकदाही खोकत नाही, ही गोष्ट सुशिक्षितांनाही नवी वाटते. भारतात नोंदल्या जाणाऱ्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांचा रोग फुप्फुसाबाहेरचा असतो. त्यातील काही भाग हाडांचा व सांध्यांचा असतो. आणि हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा एकट्या पाठीच्या कण्याचा असतो. संख्येने हा भाग लहान आहे खरा. परंतु येथे झालेल्या विलंबाची किंमत रोग्याला आपल्या पायांनी मोजावी लागते. जो मनुष्य वेळेवर ओळखला गेला असता तर घरी राहून गोळ्यांनी बरा झाला असता, तोच उशीर झाल्यास पाठीला कायमचे कुबड घेऊन वावरतो किंवा कमरेखाली लुळा होऊन अंथरुणास खिळतो. हा विलंब टाळता येण्याजोगा आहे. तो कोठे होतो हेही अज्ञात नाही. म्हणूनच या विषयावर आज पहिल्या पानावर लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पुण्याच्या शेजारचा मुळशी तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. या एकाच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीच्या संगणक-उद्योगांच्या काचेच्या इमारती आहेत, पिरंगुटच्या परिसरात कारखाने आहेत, पुण्याहून सुमारे तीस किलोमीटरवर पौड हे तालुक्याचे ठिकाण आहे, आणि त्याच्या पलीकडे धरणाच्या फुगवट्याच्या कडेने थेट ताम्हिणी घाटापर्यंत भाताची खाचरे, धनगरवाडे व कातकऱ्यांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात दिवसचे दिवस चिखलात वाकून भातलावणी करणाऱ्या बाईची पाठ दुखली, तर तिला कोणी कारण विचारीत नाही; कष्टाने अंग मोडले, एवढेच म्हटले जाते. हिंजवडीत दहा-दहा तास पडद्यापुढे बसणाऱ्या तरुणाची पाठ दुखली, तर त्यालाही कोणी कारण विचारीत नाही. बैठक सुधारा, व्यायाम करा, असे सांगितले जाते. दोघांच्याही बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असते, आणि खरी अडचण नेमकी तीच आहे. असंख्य साध्या पाठदुख्यांच्या गर्दीत क्षयाची एखादी पाठदुखी बेमालूम मिसळून जाते. बाईकडे कष्टाचे कारण तयार असते, तरुणाकडे खुर्चीचे; आणि तयार कारण हाताशी असले की खऱ्या कारणाचा शोध घ्यावयाचे कोणाला सुचत नाही.

हा रोग केवळ दरिद्र्यांच्याच वाट्याला येतो, असा कोणाचा समज असल्यास तोही दूर व्हावयास हवा. अमिताभ बच्चन यांना २००० साली मणक्याचा क्षय झाला होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच २०१४ च्या डिसेंबरात मुंबईतील क्षयविरोधी मोहिमेच्या प्रसंगी जाहीरपणे सांगितली. उपचार पूर्ण करून ते बरे झाले. कुपोषण, मधुमेह, एच.आय.व्ही.ची बाधा, घरातील क्षयरुग्णाचा निकट सहवास यांमुळे धोका वाढतो हे निःसंशय. परंतु ज्या देशात या जंतूंचा इतका सर्वत्र वावर आहे, त्या देशात आपल्या वस्तीचा पत्ता हे कोणाचेही कवच होऊ शकत नाही.

रोगाची वाटचाल समजून घेतली म्हणजे त्याची लक्षणेही सहज समजतात. जंतू बहुधा श्वासावाटे प्रथम छातीत शिरतात, तेथून रक्ताच्या प्रवाहाबरोबर हाडापर्यंत पोचतात आणि तेथे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, निपचित राहू शकतात. शरीराची प्रतिकारशक्ती ढिली पडली की ते जागे होतात. मणक्याचा पुढचा भाग, विशेषतः दोन मणक्यांमधील चकतीच्या लगतचा, ते पोखरू लागतात. पुढचा भाग ढासळला की मणका पाचरीसारखा होतो आणि पाठीवर टोक वर येते. साचलेला पू स्नायूंच्या आवरणातून खाली ओघळत जांघेत किंवा मांडीत गाठीच्या रूपाने प्रकट होतो. ही गाठ हाताला गरम लागत नाही, लालही दिसत नाही. सबब ती साधी समजून फोडली जाते आणि मूळ रोग वीतभर वर तसाच राहतो. शेवटी पू व ढासळलेले हाड यांचा दाब मज्जारज्जूवर पडतो. मग पाय जड होतात, चाल अडखळते, पायातली चप्पल नकळत निसटते, लघवीवरचा ताबा जातो.

या शेवटच्या पायरीपर्यंत पोचण्यापूर्वी शरीराने अनेक सूचना दिलेल्या असतात. साधी पाठदुखी विश्रांतीने कमी होते व बहुधा काही आठवड्यांत ओसरते. क्षयाची पाठदुखी ओसरत नाही, हळूहळू वाढत जाते, आणि पुष्कळदा रात्री अंथरुणावर पडल्यावरही पाठ सोडीत नाही. दुखणे पसरट नसून एका ठरावीक मणक्यावर बोट ठेवून दाखविता येते. खाली पडलेली वस्तू उचलताना रोगी कमरेतून वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकतो. काहींना संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मंदावते, वजन घटते. परंतु कित्येकांना यांपैकी काहीच होत नाही, हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. लहान मुलांत खुब्याचा क्षय प्रथम लंगडण्याने प्रकट होतो. कधी मूल गुडघा दुखतो म्हणून सांगते आणि रोग असतो खुब्यात. झोपेत सांध्याभोवतीचे आवळलेले स्नायू सैल पडले की वेदना उसळून मूल किंचाळत उठते. अशा मुलाला दृष्ट लागली म्हणणारे घर आणि वाढीचे दुखणे म्हणणारा शेजारी, दोघेही नकळत रोगालाच साहाय्य करतात.

येथे आम्हांस एक भेद स्पष्ट करावासा वाटतो, कारण सारा प्रश्न त्या भेदावर उभा आहे. रोगाची ओळख पटणे ही एक गोष्ट आणि रोगाचे निदान होणे ही दुसरी. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी पाठीचे कुबड व पायांचा लुळेपणा यांच्या संबंधाचे वर्णन १७७९ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी क्षयाचा जंतू कोणी पाहिलेला नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो जाहीर केला १८८२ च्या २४ मार्चला. क्ष-किरण तर १८९५ पर्यंत अज्ञातच होते. पॉट यांच्यापाशी होते केवळ डोळे, हात आणि रोग्याला प्रश्न विचारण्याची चिकाटी. तात्पर्य, संशय घेण्यास यंत्र लागत नाही. मुळशीच्या कोणत्याही वाडीत, कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, किंबहुना आशा कार्यकर्तीच्या घरभेटीतही तो घेता येतो. निदानास मात्र यंत्रे लागतात, प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतो. आणि ते शहरात असतात. ओळख गावात व्हावयाची आणि निदान शहरात व्हावयाचे, अशी ही विभागणी आहे. रोगी हरवतो तो या दोहोंच्या मधल्या वाटेवर.

निदानाच्या पायऱ्या कोणत्या, हे सुबुद्ध नागरिकाला ठाऊक असले पाहिजे. साधे क्ष-किरण चित्र ही पहिली पायरी. परंतु हाडातील खनिजांचा बराच मोठा भाग, सुमारे तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक, नाहीसा झाल्याखेरीज त्या चित्रात काही दिसत नाही. म्हणून आरंभीचे चित्र निर्दोष आले एवढ्यावरून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. एम.आर.आय. चित्रात मात्र मणक्यातील सूज, पू व मज्जारज्जूवरील दाब पुष्कळ आधी दिसतो. रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, म्हणजेच ई.एस.आर., वाढलेला असला तर संशय बळावतो, सिद्ध होत नाही. त्वचेची मांटू चाचणी आपल्या देशात असंख्य निरोगी माणसांतही सकारात्मक येते. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ठरविणाऱ्या चाचण्या तर इतक्या बेभरवशाच्या ठरल्या, की भारत सरकारने २०१२ साली त्यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली. अखेरचा निर्णय देतो तो रोगट जागेतून सुईने काढलेला पू किंवा हाडाचा तुकडा. त्यात जंतूंची जनुके शोधणारी सीबीनॅट चाचणी काही तासांत उत्तर देते आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही, हेही सांगते. सूक्ष्मदर्शकाखालची पेशीतपासणी आणि जंतूंची वाढ करून पाहणारी कल्चर परीक्षा यांची तिला जोड द्यावी लागते, कारण हाडाच्या क्षयात जंतू मुळातच विरळ असतात व एकच परीक्षा त्यांना हुकू शकते.

या ठिकाणी एक क्षुल्लक वाटणारी पण फार नडणारी गोष्ट सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियागृहात काढलेला तुकडा संपूर्णपणे फॉर्मेलीनमध्ये बुडविला की त्यातील जंतू मरतात आणि कल्चरचा मार्ग कायमचा बंद होतो. तुकड्याचा एक भाग फॉर्मेलीनमध्ये आणि दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवावा, एवढीच खबरदारी हवी असते. दोन बाटल्यांऐवजी एकच बाटली वापरल्यामुळे रोग्यावर पुन्हा सुई खुपसण्याची किंवा अंदाजाने औषधे देण्याची पाळी येते. नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वी याविषयी विनयाने विचारणा केल्यास कोणत्याही जाणत्या डॉक्टरला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

संशय आला की लगेच क्षयाची औषधे सुरू करून पाहावी, असा एक सोपा मार्ग काही ठिकाणी सुचविला जातो. तो निर्धोक नाही. कर्करोगाचे हाडात उतरलेले विष, इतर जंतूंमुळे होणारा पू, गुराढोरांकडून माणसांत येणारा ब्रुसेला जंतूंचा रोग, हे सारे मणक्याच्या क्षयाचे सोंग घेऊ शकतात. आणि मुळशीसारख्या गुरे पाळणाऱ्या तालुक्यात शेवटच्या रोगाचा विसर पडून चालणार नाही. शिवाय औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे संकट आहेच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस ज्या अतिप्रतिरोधी क्षयाकडे जगाचे लक्ष वेधले, त्याने सर्वांची झोप उडविली होती. अशा स्थितीत पुरावा न घेता वर्षभर औषधे देणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. मज्जारज्जू धोक्यात आला असता किंवा तुकडा मिळविणे अशक्य असता तज्ज्ञाने अनुभवावर विसंबून उपचार सुरू करणे निराळे. एरवी आधी नमुना व मग गोळी, हाच क्रम योग्य.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारार्ह आहे. शासनाने आपली शक्ती छातीच्या क्षयावर केंद्रित केली आहे, कारण रोग पसरतो तो खोकणाऱ्या रोग्याकडून. हाडांचा क्षय झालेला मनुष्य, त्याच्या छातीत रोग नसल्यास, सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. मग मर्यादित पैसा त्याच्यासाठी का खर्चावा? शिवाय प्रत्येक पाठदुखीला एम.आर.आय. करू म्हटले तर कोणतेही सरकार बुडेल. आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांस पूर्ण मान्य आहे. प्रत्येक पाठदुखीला यंत्राखाली घालण्याची मागणी करणे हा शहाणपणा नव्हे. परंतु पहिला भाग मान्य करता येत नाही. सार्वजनिक आरोग्याचे कार्य केवळ साथ रोखण्याचे नसते. जो मनुष्य दुसऱ्याला धोका देत नाही, त्याच्या स्वतःच्या पायांनाही काही मोल आहे. घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई लुळी पडली की एका कुटुंबाची शेती बसते व मुलाची शाळा सुटते. त्यापुढे एका वेळेवर केलेल्या तपासणीचा खर्च तो काय?

आजच्या शोधमोहिमा कशा चालतात ते पाहिले म्हणजे उणीव लक्षात येते. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे, या चार प्रश्नांवर घरोघरची चाळणी उभी आहे. २०२४ च्या ७ डिसेंबरला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे खेडोपाडी गेली, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु ती पाहतात छाती. ज्याला खोकला नाही, ताप नाही, पण तीन महिन्यांपासून एकच मणका दुखतो आहे, तो या चाळणीतून अलगद निसटतो. २०२५ पर्यंत क्षय हटविण्याचे ध्येय देशाने २०१८ साली जाहीर केले होते. दर लाख लोकसंख्येमागे नवीन रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२३ मध्ये १९५ वर आल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही घट समाधानाची असली तरी ध्येयापासून फार दूर आहे, आणि न खोकणाऱ्या रोग्याला वगळून ते कधीही गाठता येणार नाही.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली ही, की घरभेटीच्या चार प्रश्नांना पाचव्या प्रश्नाची जोड द्यावी: घरात कोणाची पाठ किंवा सांधा सहा आठवड्यांहून अधिक काळ दुखतो आहे काय, आणि कोणी मूल लंगडते आहे काय? उत्तर होकारार्थी आल्यास डॉक्टरने त्या मणक्यावर हात ठेवून पाहावे, रात्रीच्या वेदनेची, वजनाची, घरातील जुन्या क्षयाची चौकशी करावी, ई.एस.आर. व क्ष-किरण चित्र काढावे. आणि संशय उरल्यास रोग्याला पुढे पाठवावे. पायांत अशक्तपणा आला असेल तर सहा आठवडे काय, सहा दिवसही थांबू नये. दुसरी सूचना ही, की पौडच्या ग्रामीण रुग्णालयात एम.आर.आय. यंत्र मागणे अवास्तव असले, तरी तेथून पाठविलेल्या रोग्याला औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खिडकीवर, विनामूल्य तपासणी मिळेल अशी हमी असावी. तिसरी सूचना प्रवासखर्चाची. शासन रुग्णाला पोषणासाठी पैसे देते. २०१८ साली महिना पाचशे रुपयांनी झालेला हा आरंभ २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार रुपयांवर गेला. औषधेही विनामूल्य मिळतात. पण हे सर्व नोंद झाल्यानंतर! आरोग्य-योजनाही मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी आहेत. ताम्हिणीकडच्या मजुराचे पैसे संपतात ते निदानापूर्वी, एस.टी.च्या तिकिटांत, बुडालेल्या मजुरीत आणि मालिश, पट्टे व वेदनाशामक इंजेक्शने यांत. मदतीचा हात जेथे हवा तेथे तो अद्याप पोचलेला नाही.

शहरातील वाचकांनाही कर्तव्य आहे. आपल्या घरी काम करणारी बाई, सोसायटीचा पहारेकरी, गाडीचा चालक यांपैकी कित्येकजण याच तालुक्यातून येतात. त्यांच्या रेंगाळलेल्या पाठदुखीवर मलमाची नळी देऊन मोकळे होण्यापेक्षा एक दिवसाची भरपगारी रजा देऊन त्यांना तपासणीस धाडणे अधिक उपकारक आहे. ज्याचा पू ओघळतो किंवा मणका ढासळतो आहे त्याची पाठ रगडणे किंवा झटका देऊन 'बसविणे' हे तर उघड घातुक आहे. आणि निदान झालेच, तर घाबरण्याचे व लपविण्याचे काहीच कारण नाही. एकेकाळी अशा रोग्यांना प्लास्टरच्या साच्यात वर्षानुवर्षे निजवीत. १९५६ साली मद्रासेत सुरू झालेल्या संशोधन केंद्राने छातीच्या क्षयाला घरचा उपचार पुरतो हे दाखवून दिले. पुढे मद्रास व कोरिया येथील प्रयोगांनी मणक्याच्या बहुसंख्य रोग्यांनाही हिंडते-फिरते ठेवून औषधांनी बरे करता येते, हे सिद्ध केले. उपचार साधारण वर्षभर, काहींना त्याहून अधिक काळ, चिकाटीने घ्यावे लागतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. आणि ती टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे लवकर ओळख.

मुळशीचे नाव महाराष्ट्राला १९२१ च्या सत्याग्रहामुळे ठाऊक आहे. टाटा कंपनीच्या धरणासाठी गावे व भाताची खाचरे पाण्याखाली जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी उठला आणि हरला. त्याच्या जमिनीवर साठलेले पाणी सह्याद्रीतून भिऱ्याच्या वीजगृहात उतरले आणि त्या विजेने मुंबईचे कारखाने व दिवे चालले. ज्या तालुक्याने शहरांना इतके दिले, त्या तालुक्यातील दुखणाऱ्या पाठीवर वेळेत एक हात ठेवणे आणि एक चित्र काढणे, एवढे शहरांना व शासनाला जड वाटू नये.